आधी पट्टी दाखवा

सोलापूर बाजार समितीत कांदा चढला, की दुपारच्या आत तो भाव जिल्ह्यातल्या झाडून साऱ्या फोनांवर पोचतो. तो खोटा नसतो, एवढंच त्याच्या बाजूनं बोलता येईल. निवडून आणलेल्या एखाद्या लॉटला तो मिळालेला असतो. बाकीच्या गाड्या कितीला गेल्या, हे फॉरवर्ड करणाऱ्याला विचारू नये. त्याच्याकडे कांदा नसतो, डेटापॅक असतो.

आता याच भावावर ‘मार्केट रिसर्च’ही होतो. चकचकीत पीपीटी, वर चढत जाणारा आलेख आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात ‘स्रोत : बाजार’. बाजारातलं कोण ओ मालक? आडत्या, हमाल, की चहावाला?

पणन मंडळाचा तक्ता फुकट बघायला मिळतो, म्हणूनच बहुधा कुणी बघत नाही. त्यात रोजची आवक आणि तीन भाव असतात. कमाल भाव बातमीवाले उचलतात, किमान आंदोलनवाले. सर्वसाधारण भाव लग्नातल्या गरीब पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसून राहतो. बहुतेक माल गेलेला असतो तो याच्याच आसपास. शेजारी आवकही वाचावी. दहा क्विंटलचा भाव आणि दहा हजार क्विंटलचा भाव एका पंगतीत बसवायचे नसतात.

पण हा तक्ताही शेतकऱ्याच्या खिशापर्यंत जात नाही. तिथं जाते ती पट्टी, म्हणजे आडत्यानं हातात दिलेला विक्रीचा हिशेब. फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं याच समितीत 512 किलो कांदा विकला. भाव किलोला 1 रुपया. हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा जाता उरले 2 रुपये 49 पैसे. चेक निघाला 2 रुपयांचा, आणि तोही पुढच्या तारखेचा! व्यापारी म्हणाला, माल हलका होता. असेलही. पण तक्त्याच्या भाषेत हा ‘क्विंटलला 100 रुपये’ एवढाच व्यवहार. त्या 2 रुपयांसाठी तिथं रकानाच नाही.

तेव्हा कांद्यात पैसा घालायला निघालेल्यांनी गावात जाऊन दहा-पंधरा जणांच्या मागच्या दोन-तीन हंगामांच्या पट्ट्या चाळाव्यात. आणि सल्लागारानं एकही पट्टी पाहिलेली नसेल, तर त्याच्या फीचा चेक खुशाल पुढच्या तारखेचा फाडावा.