काळी चार आणि बारा अंक

हौशी कराओके मंडळ ही मध्यमवर्गीय महाराष्ट्राची अलीकडची सांस्कृतिक संस्था असून, भजनी मंडळाचे सातत्य, भिशीची शिस्त आणि ऑर्केस्ट्राचा झगमगाट हे तिन्ही गुण तिने वादकांच्या मानधनाचा भार न सोसता साधले आहेत. ‘कराओके’ या जपानी शब्दाचा अर्थ ‘रिकामा वाद्यवृंद’ असा होतो. म्हणजे वाद्यमेळ ध्वनिमुद्रित असतो, गायकाची जागा तेवढी मोकळी ठेवलेली असते आणि ती भरून काढण्याचे काम निवृत्त बँक अधिकारी, गृहिणी व दंतवैद्य स्वखुशीने पत्करतात. १९७१ मध्ये जपानमधील कोबे येथे असे यंत्र तयार करणारे दाइसुके इनोउए यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. २००४ मध्ये मात्र त्यांना ‘इग नोबेल’ या गमतीदार पुरस्कारांपैकी शांततेचा पुरस्कार मिळाला, तो माणसांना एकमेकांना सहन करण्याचा नवा मार्ग दाखवल्याबद्दल. मंडळाच्या कार्यक्रमात मागच्या रांगेत बसणाऱ्या श्रोत्याला या निवडीचे औचित्य वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

अशा मंडळात गाण्यासाठी वस्तुतः तीनच गोष्टी कळणे पुरेसे असते: नाव, गाणे आणि पट्टी. पट्टी म्हणजे पेटीवरील ज्या स्वराला गायक आपला षड्ज मानतो तो स्वर, उदाहरणार्थ काळी चार किंवा पांढरी पाच. प्रत्यक्षात सभासदत्वाच्या गूगल फॉर्ममध्ये जन्मतारीख, लग्नाची तारीख, जोडीदाराचे नाव, रक्तगट, घरचा पत्ता आणि आधार कार्डाची दोन्ही बाजूंची छायाप्रत यांना रकाने असतात, पट्टीला नसतो. एवढी माहिती कशाला, या प्रश्नाला संयोजकांचे उत्तर ‘असू दे, कधी लागलीच तर’ असे असल्याने या विचारसरणीस ‘असूदेवाद’ म्हणणे योग्य ठरेल. गंमत अशी की, आधारचे बारा अंक विनातक्रार देणारा सभासद पट्टी विचारली की घसा बसल्याचे सांगतो, कारण वरचा सूर लागत नाही ही बाब त्याच्या लेखी खरी खासगी असते.

संकलित माहिती पुढे ‘मेंबर लिस्ट फायनल न्यू २’ अशा नावाच्या एक्सेल फाइलमध्ये जाते आणि ती फाइल मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडते, जिथे आजी सभासदांबरोबर रुसून गेलेले माजी सभासद, साउंडवाले आणि एकदाच येऊन गेलेला फोटोग्राफरही नांदत असतात. त्यातच एकसष्टीच्या शुभेच्छांचे पोस्टर झळकते. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष. त्यामुळे पुष्पगुच्छाशेजारी पूर्ण नाव व ‘एकसष्टी’ हा शब्द छापणारे मंडळ कुलपाची किल्ली चौकटीत बसवून भेट देत असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला, आणि त्याच्या सहाव्या कलमात असूदेवादाचे खंडन आढळते. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अॅपने फोनमधील संपर्कयादीही मागितली व रुग्णाने होकार दिला, तरी सल्ल्यासाठी ती यादी आवश्यक नसल्याने होकार तेवढ्यापुरता लागू होत नाही, असे उदाहरण कायद्यातच आहे. कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद असली, तरी एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती त्यातून वगळलेली असल्यामुळे, हॉलचे भाडे आणि चहा-वड्याचा हिशोब ठेवणारे मंडळ एरवी कितीही ‘संस्था’ म्हणून मिरवले, तरी दंडाचा आकडा कानी पडताच ते एक घरगुती कुटुंब असल्याचे अध्यक्षांना स्मरते.

या यादीचा खरा रसिक मात्र मंडळाबाहेर असतो. त्याचा फोन येतो तेव्हा त्याला सभासदाचे नाव, लग्नाचा वाढदिवस आणि गेल्या रविवारचे गाणे ठाऊक असते. तो ओटीपी, म्हणजे व्यवहार पक्का करणारा एकवेळचा सांकेतिक क्रमांक, लगेच मागत नाही, तर आधी ‘काका, परवा काय लावलात तुम्ही तो अंतरा!’ एवढेच म्हणतो. घरात आजवर कोणी न काढलेले हे उद्गार ऐकल्यावर बँकेचे सगळे इशारे विरघळतात, आणि हौशी गायकाचा सर्वांत कच्चा पासवर्ड कौतुक हाच असल्याचे सिद्ध होते. पुढचा सूर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लावावा लागतो.

एवढे घडल्यावर मंडळे हातावर हात ठेवून बसत नाहीत. तातडीची सभा भरते, माहितीच्या सुरक्षिततेवर गंभीर चर्चा होते आणि प्रत्येक सभासदाकडून लेखी संमतिपत्र घेण्याचा ठराव एकमताने संमत होतो; संमती त्याचीच आहे याची खात्री पटावी म्हणून सोबत आधारची छायाप्रत जोडणे तेवढे बंधनकारक असते.