आणखी एक रकाना

आपल्या ओळखीत असा एक तरी असतोच. गाव मुखेड, बारावी लातूरला, इंजिनिअरिंग नांदेडच्या एसजीजीएसला, एमबीए पुण्यात, नोकरी एका बड्या कन्सल्टिंग फर्ममध्ये आणि हातात सध्या दुसऱ्या कन्सल्टिंग फर्मची ऑफर. यातलं 'सध्या' जरा सैल धरायचं. दिवाळीला गावी आला तेव्हाही ऑफर हातात होती, पाडव्याला आला तेव्हाही होती. फर्म तेवढी वेगळी. ट्रॅव्हल्समधून उतरून घरी पोचेपर्यंत त्याने दोघांना "काय करू, घेऊ का?" असं विचारलेलं असतं आणि तिसऱ्याच्या नाकासमोर मोबाईलवरची एक्सेल शीट धरलेली असते. पगार, व्हेरिएबल, जॉइनिंग बोनस, पद, ब्रँड, प्रवास, आरोग्य विमा असे रकाने, प्रत्येकाला टक्क्यांत वजन, दोन्ही कंपन्यांना दहापैकी गुण आणि खाली बेरीज. पोरगं विचारी आहे, असं गावात म्हणतात. मला ते पटत नाही. याचा निर्णय ऑफरचा मेल आला त्याच रात्री झालेला असतो. पुढचे दोन महिने चालते ती साक्षीपुराव्यांची जमवाजमव.

पुरावा त्या शीटमध्येच आहे. बेरीज जुन्या कंपनीकडे झुकली की एक नवा रकाना उगवतो: 'शिकायला मिळणं', वजन पंधरा टक्के. तरीही झुकलीच, तर 'ग्लोबल एक्स्पोजर'. म्हणजे नेमकं काय, हे विचारणाऱ्याला मार्केट कळत नाही असं समजलं जातं. त्यानंतर 'ऑफिसचं ठिकाण', मग 'कल्चर', आणि अगदीच अडलं तर 'कॅन्टीन'. नवी कंपनी पुढे गेली रे गेली की रकाने उगवायचे थांबतात. सल्ल्याचंही तसंच. जो "घे" म्हणेल त्याचा अनुभव दांडगा. जो "थांब" म्हणेल तो बिचारा सरकारी नोकरीतला. गंमत म्हणजे, ज्या सीटीसीवर हा सगळा डोलारा उभा आहे, तिच्यात कंपन्या बहुतेकदा ग्रॅच्युइटीही धरतात. १९७२च्या कायद्यापासून कायम नोकरदाराला ती साधारण पाच वर्षं सलग काढल्याशिवाय मिळत नाही. हा दर दोन वर्षांनी फर्म बदलतो. म्हणजे जी रक्कम आपल्याला मिळणार नाही हे पक्कं ठाऊक आहे, तिलाही हा दहापैकी आठ गुण देतो. क्लायंटच्या ताळेबंदात असली रक्कम दिसली असती तर याने तिच्यावर तीन स्लाइड केल्या असत्या.

खरं तर त्याच्या धंद्याचं मर्मच हे आहे. कंपनीने कारखाना बंद करायचं आधीच ठरवलेलं असतं. मग कन्सल्टंट येतात, सहा आठवडे आकडे गोळा करतात आणि कारखाना बंद करावा असं सुचवतात. मालकाला सल्ला नको असतो, सल्ल्यावर दुसऱ्याची सही हवी असते. आपला हा गडी रोज हाच माल विकतो आणि स्वतःची वेळ आली की स्वतःच क्लायंट होऊन तोच विकत घेतो. ज्या दोन फर्ममध्ये तो एवढा फरक पाहतो, त्यांचं गोत्रही तपासून बघावं. अर्न्स्ट अँड यंग आणि डिलॉइट अँड टूश ही दोन्ही नावं १९८९च्या विलीनीकरणांतून जन्मली, प्राइसवॉटरहाउसकूपर्स १९९८च्या. दाभोळवाल्या एन्रॉनचे हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन २००२ मध्ये कोसळली आणि भारतातली तिची बरीचशी माणसं अर्न्स्ट अँड यंगकडे गेली. तिच्यातूनच आधी फुटून निघालेली अँडरसन कन्सल्टिंग १ जानेवारी २००१ला ॲक्सेंचर झाली. कुठेही अर्ज न करता, एकही रकाना न वाढवता हजारो लोकांची कंपनी बदलली, आणि सोमवारी त्यांनी तीच स्लाइड पुढे नेली असणार.

तोलणं कशाला म्हणतात ते पाहायचं तर सालगड्याकडे पाहावं. पाडव्याला त्याचं साल बदलतं. रोख किती, ज्वारी किती, कपडे-चप्पल काय, ही त्याची सीटीसी. उचल हा जॉइनिंग बोनस, साल अर्धवट सोडलं तर परत करायचा, अगदी ऑफर लेटरमध्ये लिहिल्यासारखा. पण हो म्हणण्याआधी तो एक चौकशी हमखास करतो: मालक कसा आहे? तोंडाने फटकळ आहे का, आजारपणात पैसे कापतो का, आधीचा गडी का गेला? आपल्या एमबीएच्या शीटमध्ये कॅन्टीन आहे. ज्याच्या हाताखाली रोज बारा तास काढायचे, त्या मॅनेजरचा रकाना नाही. खरोखर तोलणाऱ्या माणसाने पहिला रकाना तो घातला असता.

यावर कोणी म्हणेल, पैसा तरी खरा ना? आहे. नांदेडला प्लॉट घ्यायचाय, बहिणीचं लग्न आहे, पुण्यातलं घरभाडं आहे. पण मग त्याला एकच रकाना पुरे. चाळीस टक्के वाढ मिळते म्हणून जातो, असं सांगून मोकळं व्हावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. 'ग्लोबल एक्स्पोजर'च्या आड पगार लपवायची गरजच काय?

दुसरा आक्षेप मात्र मला झटकता येत नाही. त्याच्या शेतकरी घरात आजवर कोणाला दोन भाव मिळालेलेच नाहीत. सोयाबीनचा २०२४-२५चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आडतीवर त्याच्याही खालचा भाव ऐकून घ्यावा लागला. पोतं खाली उतरवल्यावर "जरा कळवतो, दुसरीकडची ऑफर आहे" असं म्हणायची सोय बापाला कधी नव्हती. माल परत न्यायचा तर टेम्पोचं भाडं पुन्हा अंगावर. त्या घरातल्या पोरासाठी दोन कंपन्या फोन करतात, आकडा वाढवतात, आणि हा "विचार करून सांगतो" म्हणतो. हे वाक्य घरात पहिल्यांदाच कोणी उच्चारतंय. ते त्याला महिनाभर चघळत ठेवावंसं वाटलं, चार लोकांना ऐकवावंसं वाटलं, तर आपण शीटवर डोळे वटारून काय मिळवणार? त्याच्या वडिलांना, अप्पांनाही, बहुधा हे कळत असावं. पोरगं शीट दाखवायला लागलं की ते चष्मा शोधायला आत जातात, सावकाश परत येतात, एकेक रकाना वाचून घेतात आणि एवढंच विचारतात, "मंग तिकडं पेरणीला सुट्टी देतील का?" त्यावर पोरगं लगेच 'सुट्ट्या' असा रकाना घालतं, वजन पाच टक्के, गुण दोघांनाही सारखेच. बेरीज हलत नाही. हलायचं कारणही नाही, कारण सही करून ऑफर लेटर त्याने गुरुवारीच पाठवून दिलंय.