तिसऱ्या मजल्याचं लिस्बन प्रकरण

अहो, कळलं का? तिसरा मजला युरोपला जाऊन आला. त्यात काय एवढं, म्हणाल. आमच्या बी-विंगमध्ये युरोप न केलेली घरं आता दोनच उरलीत. त्यातलं एक कायम बंद असतं आणि दुसरं आमचं. पण पुढचं ऐका. हे दोघं युरोपला गेले आणि आयफेल टॉवर न बघता परत आले! स्वित्झर्लंडचा बर्फ नाही, पिसाचा कललेला मनोरा नाही, व्हेनिसची होडी नाही. पाच रात्री आणि एकच गाव, लिस्बन. तेही दोघंच! टूर मॅनेजर नाही, रात्री गरम वरणभात नाही, बसमध्ये अंताक्षरी नाही. साठीला टेकलेला माणूस आणि त्याची बायको, पाच दिवस तिथे करत काय होते? मंगळवारच्या भिशीत हा प्रश्न निघाला, तो अजून मिटलेला नाही.

पूर्वी कसं होतं, दहा दिवसांत सात देश. पहाटे सामान खोलीबाहेर, सातच्या ठोक्याला बस. परत आल्यावर हिशेबही सरळ: माणशी इतके लाख भागिले सात. त्या हिशेबात यांचा एक देश केवढ्याला पडला बघा! पण नवीन टूम आहे म्हणे. एकच शहर धरायचं, उशिरा उठायचं, हिंडायचं, खायचं आणि पाय पसरून बसायचं. आमच्याकडे याला माहेरपण म्हणतात, आणि त्याला माणशी नव्वद युरोचा व्हिसा लागत नाही. माहेरी झोपायचे पैसेही पडत नाहीत. लिस्बनची महापालिका पाहुण्याकडून दर डोई, दर रात्री ४ युरो कर घेते. २०२४च्या सप्टेंबरपर्यंत २ होता, दुप्पट केला, तरी गर्दी हटत नाही.

पहिला गुन्हा रिक्षाचा. शहर सात टेकड्यांवर, गल्ल्या उभ्या चढाच्या, खाली पांढऱ्या दगडांची फरसबंदी, तीही लोकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्याच्या काकांचा गुडघा बोलायला लागला. २८ नंबरची पिवळी ट्राम आहे, पण तिला ही रांग आणि आत खिसेकापू. मग काकांनी रिक्षा केली. हो, तीनचाकीच! तिथे तिला टुकटुक म्हणतात. त्यातल्या काही त्याच इटालियन पियाज्जो कंपनीच्या, जिच्या 'आपे' आपल्या बारामतीत बनतात. तासाचे साठ युरो दिले. सहा हजार रुपये! हाच माणूस स्टेशनवर रिक्षावाल्याने दहा रुपये जास्त मागितले, तर भर पावसात उतरून चालत येतो.

दुसरा गुन्हा याहून गंभीर. काकूंच्या फोनमध्ये लिस्बनचे फोटो बघितले. चाळीसेक फोटो लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांचे! आल्फामा नावाची जुनी वस्ती आहे, १७५५च्या भूकंपातून बरीचशी वाचलेली. तिथे खिडकीखाली दोऱ्या बांधून चादरी, बनियन, टेबलक्लॉथ असे लटकवलेले असतात, आणि जगभरची जोडपी त्याखाली माना वर करून उभी. मागच्याच महिन्यात बाल्कनीत चादरी दिसतात म्हणून सोसायटीने याच काकूंना नोटीस काढली होती. म्हटलं, काकू, एवढी हौस होती तर आपल्या मागच्या बाजूला यायचं ना. तर म्हणतात, ''अगं, तिथल्या म्हाताऱ्या चालल्यात. घरं पाहुण्यांना द्यायला लागले, भाडी परवडेनात. उद्या दोरीवर चादर दिसली तर तीही पाहुण्यांचीच असेल. म्हणून काढून ठेवले.'' घ्या! म्हणजे पाहुणे म्हणून जायचं आणि वर पाहुण्यांनी गाव बिघडवलं म्हणून हळहळायचं.

आता खाण्याकडे या. काकू वेंगुर्ल्याच्या, त्यामुळे माशाला ना नाही. पण युरोपात जाऊन खाल्लं काय, तर तारली! जून महिना तिथे तारलीचा. गल्लोगल्ली निखाऱ्यांवर जाळ्या ठेवून भाजतात आणि पावाच्या जाड तुकड्यावर ठेवून देतात. माशाचं तेल पावात मुरतं, मासा संपला की तो पाव खायचा. आमच्याकडे पाहुण्याला पापलेट वाढतात. तारली म्हणजे घरच्यांत. आणि तारलीचे डबे विकणारं दुकान म्हणे सर्कशीसारखं सजवलेलं. डब्यावर सालं छापलेली, आपल्या जन्माचं साल शोधून घ्यायचं. काकांनी घेतला. डबा फोडायचा नाही, शोकेसमध्ये ठेवलाय. मासा! शोकेसमध्ये!

हॉटेलात बसले, तर न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज पुढ्यात आलं. काकांना वाटलं, आपल्याकडे कांदा-लिंबू येतं तसं. सगळं फस्त केलं. मग बिलात प्रत्येकाचे पैसे! तिथे तशीच रीत आहे: नको असेल तर हात लावू नये, तेवढे पैसे वाचतात. आणि पावाला तिथेही 'पाव'च म्हणतात, नाकातून. सूप मागवलं, काल्दु वेर्द. मोठं नाव. आत काय? हिरव्या पानांचा कोबी आणि बटाटा, वर सोसेजची एक चकती. काकूंनी वेटरला विचारलं, तर तो म्हणतो कसा, ''कोव, बटाटा.'' आपण त्यांच्याकडूनच घेतलेली नावं, तीच पुन्हा त्यांच्याकडून विकत घेऊन आले. बिल चुकतं करण्याला त्यांच्या भाषेत 'पगार' म्हणतात. काका म्हणाले, ''रिटायर झाल्यापासून हा शब्द पहिल्यांदाच कानावर आला, आणि तोही द्यायचा म्हणून.''

गोड म्हणाल तर लिस्बनच्या बेलें भागातला टार्ट. तिथल्या एका दुकानात तो १८३७पासून विकतात. कृती शेजारच्या जेरोनिमोस मठातली, १८३४ मध्ये सरकारने मठ बंद केले तेव्हा बाहेर पडलेली, आणि आजही मोजक्याच माणसांना ठाऊक. चिरोट्यासारखे पापुद्रे, मध्ये बलकाचं कस्टर्ड, वरून जरा करपलेलं. त्यावर दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरवायची. काकांना शुगर आहे. किती खाल्ले विचारलं, तर काकूंनी खिडकीबाहेर बघितलं. त्यातून सकाळी अकरा वाजता, भर चौकात उभ्याने, जिंजिन्या! आंबट चेरीची दारू आहे ती. १८४०पासूनचं टीचभर दुकान आहे. तिथे एवढंच विचारतात, चेरी घालून की न घालता? आमच्या हळदीकुंकवाला पन्हंसुद्धा अर्धा पेला घेणारी ही बाई म्हणाली, घालून.

बरं, काकांना जाब विचारावा तर त्यांचं उत्तर तयार. म्हणे, जेरोनिमोस मठ मिऱ्या-मसाल्यांच्या व्यापारावरच्या कराच्या पैशातून उभा राहिला, आत वास्को द गामाची कबर आहे. ''आपल्याकडच्या मालावर बांधलेलं, मग घाई कशाला करायची? निवांत बघितलं.'' शिवाय आपल्या बाजूने लिस्बनला गेलेला एक गाजलेला पाहुणा म्हणजे गेंडा. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दिला, त्याने गोव्याहून जहाजात घातला. १५१५च्या मे महिन्यात तो लिस्बनला पोचला. राजाने हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळाला. बेलेंच्या बुरुजावर त्या गेंड्याचं मुंडकं कोरलंय, झिजून गेलंय, पण काकांनी शोधून काढलं. ''आणि पुढे?'' मी विचारलं. ''पुढे त्याला रोम दाखवायला निघाले, पोपला भेट म्हणून. वाटेत इटलीच्या किनाऱ्यापाशी जहाज बुडालं. म्हणून सांगतो, एका गावी गेलं की तिथेच थांबावं.''

यावर बोलणार काय?

पण खरी गंमत शेवटच्या रात्रीची, १२ जूनची. त्या रात्री संत अँथनीची जत्रा, हा तिथला लग्नं जुळवणारा संत. त्याच दिवशी महापालिका सामुदायिक विवाह लावते. १९५८ला सुरू झालेले, मध्ये खंड पडला, १९९७पासून पुन्हा चालू. रस्तोरस्ती मांझेरिकू नावाच्या रोपाच्या कुंड्या विकतात. आपल्या तुळशीचीच चुलत बहीण, पानं बारीक, गोल चेंडूसारखी वाढलेली. त्यात कागदाचं फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. ती कुंडी आपल्या माणसाला द्यायची. वास मात्र नाक लावून घ्यायचा नाही, रोप कोमेजतं म्हणतात. रोपावर तळवा फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. काकांनी काकूंना एक घेऊन दिली. विमानात आणता येत नाही म्हणून, जिथे उतरले होते तिथल्या बाईंकडे ती ठेवून आले. हे सांगताना काकूंचा आवाज जरा बसला होता, प्रवासाने असेल.

तर परवा संध्याकाळी काय झालं. आमच्या स्वयंपाकघरातून तिसऱ्या मजल्याची बाल्कनी दिसते. मुद्दाम बघावं लागत नाही, ओट्यावर एक गुडघा टेकला की झालं. नोटिशीला न जुमानता दोन चादरी वाळत होत्या. त्यांच्यामध्ये काका तुळशीला पाणी घालत होते. पाणी घालून झालं, तांब्या खाली ठेवला. इकडे तिकडे बघितलं. तुळशीवर हलकेच तळवा फिरवला आणि तो काकूंच्या नाकासमोर धरला. या वयात! काकूंनी डोळे मिटले.

तेवढ्यात वारा आला, चादर फुगली आणि आमचं दूध उतू गेलं.

रविवारच्या मीटिंगमध्ये मी विषय मांडणार आहे. ती चादरींची नोटीस पुन्हा काढायलाच हवी. मध्ये येतात हो, धड काही दिसत नाही.