माझी एकुलती एक बेटकुळी

स्नायू नावाची गोष्ट माझ्या वाट्याला कधी आलीच नाही. पण चाळिशी उलटल्यावर वरच्याला बहुधा दया आली, कारण उजव्या दंडावर, पैलवानांना जिथे बेटकुळी येते बरोबर तिथेच, सुपारीएवढं काहीतरी वर आलं. एका लग्नात साडूनं ते चाचपून "काय राव, व्यायाम सुरू केलात वाटतं?" असं सगळ्या पंगतीसमोर विचारलं, तेव्हा मी "हो, थोडाफार" असं पुटपुटत आणखी एक जिलबी उचलली. घरी आल्यावर ही म्हणाली, "अहो, व्यायाम काय एकाच हातानं करता?"

मग तिनं मला सर्जनकडे पिटाळलं. त्यांनी दोन बोटांत गाठ धरली, ती मळलेल्या कणकेसारखी दबली आणि बोटांखालून अलगद निसटली. "लायपोमा. चरबीची गाठ. शंभरातल्या एखाद्याला असतेच. त्रास नसेल तर राहू द्या." कडक असती, भराभर वाढत असती, दुखत असती किंवा पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली असती, तर तपासण्या कराव्या लागल्या असत्या. माझी गाठ माझ्याच वळणावर गेलेली, मऊ आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. "काढायचीच असेल तर जागा बधिर करून एक छोटासा छेद, दोन-चार टाके," असं ते पुढे सांगत होते म्हणे. मी छेदापर्यंतच ऐकलं.

आधी मी गाठीला उपाशी मारायचं ठरवलं. साखर सोडली, पहाटे चालायला जाऊ लागलो, वजनही उतरलं. पण या गाठीतली चरबी डाएटला भीक घालत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दंड तेवढा वाळला आणि त्यावर गाठ आणखी उठून दिसू लागली. बाकीचा देह उपाशी, गाठ तुपाशी.

तेवढ्यात कळलं की सुरीऐवजी सुईनंही गाठ विरघळवतात. सुरीला भिणारा माणूस सुईकडे किती आनंदानं धावतो म्हणून सांगू! स्किन क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी दोन पर्याय ठेवले. एक स्टेरॉइडचं इंजेक्शन. त्यानं गाठ आकसते, पण कातडी पातळ होऊन तिथे खड्डा पडू शकतो. (मी डोंबिवलीकर. मला खड्ड्यांची भीती घालत होत्या!) दुसरं डीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड. हे आपल्या पित्तात असतंच, जेवणातली चरबी फोडायला. म्हणजे जन्मभर पित्तावर गोळ्या खाल्लेला मी आता पैसे मोजून पित्त टोचून घेणार होतो.

या औषधाची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. पूर्वी सोयाबीनमधून काढलेलं फॉस्फॅटिडिलकोलिन टोचत आणि ते नीट विरघळावं म्हणून त्यात हे डीऑक्सिकोलेट घालत. चरबी वितळली की वाहवा सोयाबीनची. पुढे उघड झालं की चरबीच्या पेशी फोडण्याचं खरं काम हा विरघळवणाराच करत होता. आमच्या ऑफिसात हे रोज घडतं, फक्त उघड होत नाही.

अमेरिकेत 2015 साली या औषधाला मान्यता मिळाली, पण ती हनुवटीखालच्या चरबीसाठी. गाठीसाठी नाही. हे बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. बरेचदा यावं लागेल, पूर्ण जाईलच असं नाही, हेही सांगितलं. मात्र सांगताना त्यांची नजर सारखी माझ्या हनुवटीखालीच जात होती.

मी एका सुईच्या तयारीनं गेलो होतो. बाईंनी पेनानं गाठीवर ओळीनं ठिपके काढले, तेव्हा मला वाटलं माप घेताहेत. माप नव्हतं. प्रत्येक ठिपक्याला एक टोचणी होती. छेद एकच होता, हे मला तेव्हा आठवलं.

आग आग झाली. पेशी फुटल्या की त्यांचा राडा आवरायला शरीर धावून येतं आणि जागा सुजते, हे बाईंनी समजावलं होतं. पण संध्याकाळपर्यंत सुपारीचं मोसंबं होईल आणि शर्टाची बाही वर चढणारच नाही, हे माझ्या कल्पनेत नव्हतं. बर्फ संपला म्हणून फ्रीजरमधली मटारची पिशवी दंडाला बांधली. ते मटार रात्री पुलावात गेले, आणि मी सोडून सगळ्यांनी आवडीनं खाल्ले. पुढचे काही दिवस लोकलमध्ये डाव्या हातानं लोंबकळलो. दंड निळा झाला, मग हिरवा, मग पिवळा, आणि कातडी अशी बधिर की डास चावला तरी पत्ता नाही. एवढाच काय तो नफा. सूज उतरेपर्यंत पुढच्या ठिपक्यांची वेळ व्हायची.

खिसा आटल्यावर मी थांबलो. गाठ आता निम्मी झाली आहे. उरलेलीचं विचारायला पुन्हा त्याच सर्जनकडे गेलो आणि धीर करून म्हटलं, "डॉक्टर, निम्मीच राहिलीय, तर पैशाचं काही..." त्यांनी दंड दाबून पाहिला. "इंजेक्शनांनी आतलं चिकटलेलं दिसतंय, उलट वेळ जास्त लागेल," म्हणाले. तेव्हा तुमच्यापैकी कुणी माझ्या वाटेनं निघालं असेल तर आधीच सांगून ठेवतो, निम्म्या गाठीचीही फी पूर्ण असते.