लालबागच्या रांगेत शरीरशास्त्र कसे शिकावे

विज्ञानाच्या पुस्तकातला माणूस दोन्ही हात अंगापासून लांब ठेवून उभा असतो. मुंबईत एवढी जागा फक्त त्यालाच मिळते. तेव्हा शाळकरी विद्यार्थ्यांनी त्याचा नाद सोडून गणेशोत्सवात लालबागच्या राजाची रांग धरावी. रांग नवसाचीच हवी. मुखदर्शनाची रांग त्या मानाने लवकर सरकते, तिच्यात अभ्यासक्रम पुरा होत नाही.

सकाळी निघताना भिंतीला टेकून उंचीची खूण करावी. दिवसभर उभे राहिले की मणक्यांमधल्या चकत्या दबतात, त्यांतले पाणी कमी होते आणि संध्याकाळी माणूस सेंटिमीटरभर बुटका भरतो. म्हणजे नवस फेडताना भक्त थोडे स्वतःलाही तिथे ठेवून येतो. रात्रीच्या झोपेत ती भरपाई होते.

पहिले काही तास पोटरीला द्यावेत. पायातले रक्त वर चढवायला पोटरीचे स्नायू लागतात. ते आवळले की नीला दाबल्या जातात, रक्त वर सरकते आणि आतल्या झडपा त्याला खाली येऊ देत नाहीत. मंडळाचे कार्यकर्ते हेच काम करतात, फक्त झडपा ओरडत नाहीत. पुतळ्यासारखे उभे राहिलात तर रक्त पायांत साचते, मेंदूला कमी पडते आणि चक्कर येते. आडवे पडणे हाच त्यावर शरीराचा उपाय. पण तेवढ्यात चार जण 'उठवा, उठवा' करत धावतात. त्यांना सांगावे, काका, राहू दे आडवा, पाय तेवढे वर धरा.

पचनसंस्थेसाठी वडापाव घ्यावा. वडा शेजाऱ्याला द्यावा (विज्ञान त्याग मागते) आणि नुसता पाव बराच वेळ चावावा. लाळेतले विकर पिष्टमय पदार्थाची शर्करा करते, पाव गोडसर लागू लागतो.

मागच्याचे कोपर लागले तर रागावू नये. आपलेच कोपर आपटून करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या, तर तिथून जाणाऱ्या चेतातंतूचा मार्ग पाठ झाला असे समजावे.

उत्सर्जन संस्था आपोआप येते. मूत्राशयाच्या भिंतीचा स्नायू अनैच्छिक, तो आपले म्हणणे मांडतो. बाहेरचा वर्तुळाकार स्नायू ऐच्छिक, तो लाज राखतो. हा फरक परीक्षेत तक्ता करून लिहायचा असतो. रांगेत तो सहाव्या तासाला कळतो आणि मग कुणी पुसून टाकू शकत नाही.

स्वतःच्या देहावर प्रयोग कशाला, असे आई विचारेल. परळला ज्यांच्या नावाची संस्था आहे त्या हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली होती, हे तिला सांगावे. रांगेचे मात्र सांगू नये.

परीक्षेत यातले काही लिहू नये. आकृती पेन्सिलीने काढावी, नावे एकाच बाजूला एकाखाली एक द्यावीत आणि हात अंगापासून लांब दाखवावेत.