मिशी नसलेला डंकन

मॅन-अॅट-आर्म्सला, म्हणजे डंकनला, मिशी आहे. भरघोस, तपकिरी, ओठांच्या दोन्ही कडांवरून खाली उतरलेली. ‘ही-मॅन अँड द मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ ही कार्टून मालिका ज्याने लहानपणी दूरदर्शनवर पाहिली, त्याला डंकन मिशीशिवाय आठवणारच नाही. आणि खेळणी बनवणाऱ्या मॅटेलने 1982 मध्ये जो मूळ मॅन-अॅट-आर्म्स बाजारात आणला, त्याच्या चेहऱ्यावर मिशीचा मागमूस नाही.

याचं कारण सगळे संग्राहक जाणतात. आधी खेळणी आली, कार्टून मागाहून. फिल्मेशन स्टुडिओने मालिका सुरू केली 1983 मध्ये, ती चालली 1985 पर्यंत आणि तिचे 130 भाग झाले. चित्रकारांना रोज शेकड्यांनी चित्रं काढायची होती, म्हणून त्यांनी पात्रं सोपी केली, काहींना नवं रूप दिलं. खलनायक स्केलेटरचे तीन बोटांचे अनवाणी पाय गेले आणि त्याला बूट मिळाले. टीलाचं नागाच्या फण्याचं चिलखत गेलं. ही-मॅनच्या खेळण्यासोबत कुऱ्हाड आणि ढाल येते, पडद्यावर मात्र तो तलवारीवर भागवतो. डंकनला मिशी आली ती तिथेच. हे सगळं मला मान्य आहे. पण चाळीस वर्षांनी माणूस फिगर विकत घेतो तो कारखान्याचा इतिहास घ्यायला नाही. रविवारी टीव्हीसमोर बसून जो चेहरा पाहिला, तो त्याला हवा असतो. म्हणून जेव्हा मूळ साच्याच्या नव्या आवृत्त्या निघतात आणि बिनमिशीचा डंकन पुन्हा दुकानात येतो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. अलीकडे मॅटेलने खेळण्यांच्या ओरिजिन्स मालिकेत कार्टूनमधल्या रूपांचा वेगळा गट काढला, हे फार चांगलं झालं. ते पहिल्या दिवसापासून व्हायला हवं होतं.

कोणाला बनवायचं आणि कोणाला नाही, याबद्दलही माझं भांडण आहे. ग्रेस्कल किल्ल्याची सॉर्सरेस हा त्या मालिकेचा कणा. तिच्याशिवाय राजकुमार अॅडमला ही-मॅन बनवणारी शक्ती नाही, ही-मॅन नाही, काहीच नाही. तिची फिगर आली 1987 मध्ये, मालिका संपून दोन वर्षं झाल्यावर. राजा रँडोरही त्याच साली आला. राणी मार्लेना, म्हणजे ही-मॅनची सख्खी आई, मूळ खेळण्यांत आलीच नाही. त्याच काळात मर-मॅनचा साचा वापरून स्टिंकर निघाला, अंगाला वास येणारा खलनायक, आणि बीस्ट मॅनच्या साच्यावर हिरवी लव चिकटवून पाइनच्या वासाचा मॉस मॅन निघाला. साचे पुन्हा वापरायला माझी हरकत नाही. खेळण्यांचा धंदा असाच चालतो. बॅटल कॅटचं शरीर तर मॅटेलच्याच बिग जिम मालिकेतल्या वाघाचं. तो माणसांच्या मानाने फार मोठा निघाला म्हणूनच त्याच्यावर खोगीर चढलं, आणि त्यातून कार्टूनच्या इतिहासातलं एक अप्रतिम वाहन जन्माला आलं. तिथे काटकसरीचं सोनं झालं. पण वासाच्या खलनायकाला जागा मिळते आणि घरातल्या आईला मिळत नाही, हा न्याय मला आजही पटलेला नाही.

आता तलवारीकडे येतो. ही-मॅन तलवार वर धरतो, हे या सगळ्या विश्वाचं मूळ चित्र आहे. ती तलवार त्याच्या हातात नीट राहिली पाहिजे, एवढीच मागणी. नव्या फिगरच्या हातातली मूठ कधी इतकी घट्ट असते की तलवार आत सरकवताना अंगठ्यावरचा रंग खरवडला जातो, तर कधी इतकी सैल की हात वर केला की तलवार मागे घसरते. त्यातच पातळ प्लॅस्टिकचं पातं डब्यात दाबून बसवलेलं असतं, त्यामुळे बाहेर निघतं तेव्हा वाकलेलं असतं. ते सरळ करायचा उपाय प्रत्येक संग्राहकाला पाठ आहे. वेगळ्या पातेल्यात पाणी तापवायचं, उकळी आली की गॅस बंद करायचा, चिमट्याने तलवार आत बुडवायची, मऊ पडली की सपाट ताटावर बोटाने सरळ करायची आणि ती तशीच धरून बर्फाच्या पाण्यात सोडायची. पातं सरळ होतं. उन्हाळ्यात कपाटातली हवा तापली की ते हळूहळू पुन्हा मूळ बाकावर जातं. तलवार विकत घेतल्यावर ती घरी शिजवावी लागू नये, असं मला ठाम वाटतं.

उभं राहण्याचंही तेच. ओरिजिन्सच्या फिगर साडेपाच इंचांच्या, सोळा ठिकाणी हलणाऱ्या. घोटा वळतो, गुडघा वळतो, कंबर फिरते. हालचाल वाढली याचा आनंदच आहे. पण घोट्याचा सांधा ढिला असेल तर तीच फिगर शेल्फवर दोन दिवस ताठ उभी राहते आणि तिसऱ्या रात्री पुढे झुकते, तिच्या धक्क्याने शेजारची, मग तिच्या पुढची, आणि सकाळी अख्खी रांग पत्त्यांच्या बंगल्यासारखी आडवी दिसते. 1982 च्या ही-मॅनला गुडघा वळवता येत नव्हता, पण त्याचे पाय जाड होते आणि तो उभा राहत असे.

चेहऱ्याबद्दल तर बोलावंच लागेल. डोळ्याची बाहुली छापताना केसभर सरकली की माणूस तिरळा दिसतो. दुकानात एकाच पात्राच्या चार-पाच फिगर टांगलेल्या असतात आणि त्यांतली एक नीट पाहणारी निवडावी लागते. घरपोच मागवली तर निवडायची सोयच नाही, जो डोळा येईल तो. माझ्याकडच्या टीलाचा डावा डोळा नाकाकडे बघतो. टीला ही राजरक्षक दलाची कॅप्टन आहे, तिची नजर समोर हवी.

घरपोच येणाऱ्या पार्सलबद्दल माझं म्हणणं एवढंच, की कार्डाचा कोपरा हा मालाचाच भाग आहे. पेटी उघडली की पुठ्ठ्याचा वरचा कोपरा चेपलेला, त्यावर पांढरी सुरकुती उठलेली, आणि तक्रार केली की उत्तर येतं, आतली वस्तू तर शाबूत आहे ना? जुन्या मास्टर्सच्या कार्डांवरची चित्रं लोक चौकटीत लावतात. कार्डाला घडी पडली की त्याची किंमत जाते, आणि किमतीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे चित्र जातं. पेटीत चार मूठ कागद जास्त भरायला कोणाचं काय गेलं असतं?

खऱ्या जुन्या फिगर घेणाऱ्यांची दुखणी वेगळी आहेत. मूळ फिगरचे पाय आतून रबराच्या जोडणीने धरलेले असतात. ते रबर कालांतराने सुटतं आणि पाय लोंबकळू लागतो. मऊ पीव्हीसी लवचिक राहावं म्हणून त्यात मिसळलेला द्रव वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतो, आणि पायांवर चिकट थर जमतो. त्यावर धूळ बसली की ती पुसली जात नाही, आणखी पसरते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे लवकर होतं, असा माझा अनुभव आहे. सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा, काही महिन्यांनी पुन्हा तेच.

आपल्याकडे लिओ मॅटेलच्या नावाने ही खेळणी भारतातच तयार होत असत, आणि आज परदेशातले संग्राहक ती शोधत असतात. आपल्या घरांतून मात्र ती केव्हाच रद्दीत गेली. म्हणून आता बाहेरून मागवणं आलं. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70 टक्के. 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. लहान मुलं खेळणी तोंडात घालतात, त्यांच्या रंगात विष नसावं, यासाठी नियम कडक असलाच पाहिजे. त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. गुणवत्तेचा तो आदेशही 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठीच आहे. पण मोठ्यांनी कपाटात ठेवायला घेतलेला स्केलेटर आणि बाळाचा खुळखुळा यांच्यावर शुल्काचा एकच भार पडतो, आणि तो भार पगारातून जातो. संग्रहाच्या वस्तूंचा वेगळा विचार व्हावा, असं मी गंभीरपणे मांडतो आहे.

राहता राहिला घरचा प्रश्न. पाहुणे आले की त्यांच्या पोराचं लक्ष कपाटाकडे जातं आणि वडील म्हणतात, “द्या हो काका, खेळू दे थोडा वेळ, बाहुलीच आहे.” मुलांनी खेळावं, ही खेळणी त्यासाठीच जन्मली. म्हणून मी सुट्या, जुन्या, रंग उडालेल्या फिगरांचा एक डबा खालच्या कप्प्यात ठेवला आहे. त्यातलं काहीही घ्या, आपटा, घरीही न्या. पण वरच्या कप्प्यातल्या स्केलेटरची मेंढ्याच्या कवटीची जांभळी काठी हातात घेऊ नका. ती नेमकी सोफ्याच्या फटीत जाते, आणि मूळ काठी एकटी विकत घ्यायला गेलं तर विकणारा जवळजवळ अख्ख्या फिगरचे पैसे मागतो.