हा जायला हवा होता

गोल्फ खेळणाऱ्यांत एक जात अशी आहे, की तिला खेळायचं नसतं, सुधारायचं असतं. त्यातही ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, सुधारणारे निराळे. ते चाळिशीच्या आतले, दंडात जोर असलेले आणि फटका मारल्यावर चेंडूपेक्षा आजूबाजूला कोण बघतंय ते पाहणारे. पटिंग आणि शॉर्ट गेम, म्हणजे होलजवळचे हलके फटके, सुधारणारे साठीच्या पुढचे. खांदा वळायचा बंद झालेला असतो, कंबर फिजिओथेरपिस्टच्या ताब्यात गेलेली असते, दोनशे यार्डांचं स्वप्न निवृत्तीच्या निरोप समारंभातच सोडून दिलेलं असतं. मग एके दिवशी हे गृहस्थ जाहीर करतात, ‘‘खरा गोल्फ शेवटच्या शंभर यार्डांतच असतो हो.’’ तिथून पुढे घरच्यांची सुटका नाही.

आमचे साहेब याच जातीचे. एका कंपनीतून व्हाइस प्रेसिडेंट म्हणून निवृत्त झाले, पण पद सुटलं तरी ‘साहेब’ सुटलं नाही. कॅडी साहेब म्हणतात, वॉचमन साहेब म्हणतो, आणि वहिनीही रागावल्या की ‘‘साहेबांचा चहा झाला का?’’ असं भिंतीला विचारतात. राहायला कोथरूडला, गोल्फ येरवड्याला. पहाटे सगळं पुणं झोपलेलं असताना साहेब गाडी काढतात, आणि सिग्नल लाल असला तर रिकाम्या चौकातही थांबतात. असा शिस्तीचा माणूस. फक्त ग्रीनवर पोचल्यावर त्यांचं काय होतं, ते शेवटपर्यंत कुणाला कळलेलं नाही.

त्यांचं मूळ गणित बिनतोड आहे. कोर्सचा पार, म्हणजे ठरलेले फटके, साधारण 72. अठरा ग्रीन, प्रत्येकावर दोन पट धरलेले, म्हणजे झाले 36. ‘‘निम्मा खेळ! आणि लोक दुकानात जाऊन विकत काय घेतात, तर ड्रायव्हर!’’ हे वाक्य त्यांनी मुंजीचं आमंत्रण द्यायला आलेल्यांनाही ऐकवलेलं आहे. मुंजमुलाला आहेरात चेंडूंचं खोकं गेलं.

सरावाची जागा म्हणजे त्यांचा हॉल. सोफा भिंतीला सरकवून सोफ्यापासून देवघराच्या दारापर्यंत ‘फेअरवे’ मोकळा ठेवलेला आहे. शेवटी एक फुलपात्र आडवं. होलचा व्यास 108 मिलिमीटर असतो, 1891 साली सेंट अँड्र्यूजच्या मंडळींनी नियमात बसवलेला. फुलपात्राचं तोंड त्याहून बरंच लहान. साहेबांचा सिद्धान्त असा, की घरी फुलपात्रात घालायची सवय लागली की कोर्सवरचं होल विहिरीएवढं दिसतं. विहीर दिसते, हे ते मान्य करतात. चेंडू अजून काठाकाठानेच जातो. पण घरी मात्र पहाटे पाचला ‘टण्ण’ असा आवाज हमखास येतो. खालच्या मजल्यावरच्या आजींची कितीतरी महिने समजूत होती, की वरती काकडआरती चालते. त्या मनोमन हात जोडायच्या.

मग साहेबांनी स्टिम्पमीटरबद्दल वाचलं. 1935 सालच्या यूएस ओपनमध्ये ओकमाँटच्या ग्रीन इतक्या पळत होत्या, की भल्याभल्यांचे पट ग्रीनबाहेर गेले. ते पाहून एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या गोल्फरने ग्रीनचा वेग मोजायची युक्ती काढली. एक खाच असलेली पट्टी, खाचेत चेंडू. पट्टी हळूहळू उचलायची. साधारण 20 अंशांवर चेंडू आपोआप सुटतो आणि जितके फूट घरंगळतो तितका त्या ग्रीनचा वेग. साहेबांनी गॅलरीच्या सरकत्या खिडकीची जुनी ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन हे यंत्र घरीच बनवलं. नियमाप्रमाणे दोन्ही दिशांनी मोजणी केली आणि हादरले. देवघराकडे चेंडू जेमतेम जातो, गॅलरीकडे मात्र पळत सुटतो. म्हणजे हॉलला उतार! म्हणजे इतकी वर्षं आपण चुकीच्या जमिनीवर सराव करतोय! गवंड्याची लेव्हल ट्यूब मागवली, आकडे काढले, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या विषयाआधी ‘बिल्डरने केलेली फसवणूक’ हा विषय घुसवला.

फरशी पुसणाऱ्या मावशींना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘मला इचारायचं की साहेब. पाणी पयल्या दिवसापासून गॅलरीकडंच जातंय.’’

साहेबांना ग्रीन वाचता येत नाही याचं सगळं मर्म या एका वाक्यात आहे, पण त्यांना ते कोण सांगणार? कोर्सवर ते ग्रीन वाचतात ते शास्त्रोक्त पद्धतीने. आधी होलच्या मागे जातात. मग बाजूला. मग एक डोळा मिटून पटर हवेत ओळंब्यासारखा धरतात. मग पाय फाकवून रेषेवर उभे राहतात आणि तळपायांना उतार किती जाणवतो त्याप्रमाणे होलसमोर एक, दोन किंवा तीन बोटं धरतात. ही हल्लीची एमपॉइंट पद्धत. मोठमोठे व्यावसायिक वापरतात, त्यामुळे तिला हसायचं नाही. मागची चौकडी कमरेवर हात ठेवून उभी असते. एवढं झाल्यावर साहेब खाली बसायचा प्रयत्न करतात, गुडघा नाही म्हणतो, आणि मग ते अगदी सहज विचारल्यासारखं कॅडीला विचारतात, ‘‘काय वाटतं रे?’’

‘‘एक कप डावीकडं, साहेब. गवत तिकडं झोपलंय. नुसता लावा, पळंल.’’

कॅडीने हे चालत येतानाच पाहिलेलं असतं. साहेब मान डोलावतात आणि ‘‘मला दीड वाटतो’’ म्हणून दीड कप धरतात. चेंडू होलच्या वरच्या अंगाने निघून जातो. त्यावर ठरलेलं वाक्य येतं, ‘‘हा जायला हवा होता.’’ सूर असा, की चेंडूने दिलेला शब्द पाळला नाही.

डेव्ह पेल्झ हे साहेबांचे गुरू. हा माणूस आधी नासामध्ये शास्त्रज्ञ होता, मग ते सोडून त्याने हयात शॉर्ट गेमच्या मोजमापात घालवली. न पडलेला पट होलच्या पुढे 17 इंचांवर थांबला पाहिजे, हे त्याचं प्रसिद्ध सूत्र. साहेबांचा 17 चा आकडा बऱ्याचदा बरोबर येतो, फक्त इंचांचे फूट होतात. पण कारण कधी त्यांच्यात नसतं. लोहगावच्या धावपट्टीवरून सुखोई उडालं. समोरच्याची सावली हलली. ग्रीनवर काल पाणी जास्त मारलं होतं, नाहीतर कमी मारलं होतं. आणि कारणं संपली, की पटर.

साहेबांच्या दारातल्या छत्र्यांच्या स्टँडमध्ये छत्री एकच आहे, बाकी सगळे पटर. पातळ पात्याचा, जाड डोक्याचा, वाकड्या मानेचा, पेन्सिलीसारख्या मुठीचा, उसाच्या कांड्याएवढ्या मुठीचा. प्रत्येक पटरने पहिल्या रविवारी चमत्कार केलेला आहे आणि चौथ्या रविवारी दगा दिलेला आहे. दगा दिलेल्याला शिक्षा होते. आधी गाडीच्या डिकीत, मग स्टँडमध्ये, मग माळ्यावर. एक छातीएवढा लांब पटर होता, त्याचं टोक छातीला टेकवून हलवायचं. त्यावर साहेबांचा फार जीव. 2016 च्या जानेवारीपासून तसं टेकवण्यावर बंदी आली आणि तो वहिनींकडे वर्ग झाला. कोपऱ्यातली जळमटं काढायला त्याच्यासारखं काही नाही, असं त्या सांगतात. त्या घरात एकही दिवस नेम न चुकलेला तेवढा एकच पटर.

हात थरथरण्याचा रोग मात्र खरा आहे, त्याची चेष्टा करवत नाही. दोन फुटांवरून मनगट आपलं ऐकेनासं होतं. याला ‘यिप्स’ म्हणतात, आणि तो राजा-रंक पाहत नाही. बर्नहार्ड लँगरसारख्या जर्मन खेळाडूला त्याने पुनःपुन्हा गाठलं. 1991 च्या रायडर कपमध्ये सगळा सामना त्याच्या शेवटच्या सहा फुटांवर येऊन ठेपला आणि तो चुकला. पुढे 1993 मध्ये तोच माणूस दुसऱ्यांदा मास्टर्स जिंकला. साहेब ही गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. पटकन विषयही बदलतात.

शॉर्ट गेमचा दुसरा अध्याय म्हणजे चिप. खरं तर यात गुपित फारसं नाही. वजन डाव्या पायावर, हात चेंडूच्या किंचित पुढे, छोटासा झोका, चेंडू लवकर जमिनीवर टेकवून घरंगळू द्यायचा. उन्हाळ्यात पुण्याची जमीन अशी कडक होते, की ग्रीनच्या कडेवरून सरळ पटरनेच ढकलावं. कॅडी दर रविवारी तेच सांगतो, ‘‘साहेब, पटरनं सरकवा.’’ पण साहेबांनी फिल मिकल्सनचे व्हिडिओ पाहिलेले आहेत आणि 60 अंशांचा लॉब वेज घेतलेला आहे. मिकल्सनचा चेंडू सरळ आभाळात जातो आणि होलपाशी येऊन गप्प बसतो. साहेबांच्या वेजचा तळ कडक जमिनीवर आपटून उसळतो, पात्याची धार चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू गुडघ्याच्या उंचीने ग्रीन पार करून पलीकडच्या बंकरमध्ये जातो. साहेबांनी पिशवीतून लॉब वेज काढला, की कॅडी एक शब्द न बोलता आधीच पलीकडे जाऊन उभा राहतो. त्याच्या हातात बंकरची दाताळीही असते.

रविवारच्या चौकडीत पैसे लागतात. फार नाही, हरणाऱ्याने नाश्ता द्यायचा आणि वर शंभराची नोट. पण त्यासाठी जे राजकारण चालतं ते पाहण्यासारखं असतं. होलजवळचा पट समोरच्याने ‘दिला’ की खेळावा लागत नाही. पहिल्या काही होलवर साहेबांचे तीन-तीन फुटांचे पट ‘‘दिला, दिला, उचला साहेब’’ म्हणून उदारपणे दिले जातात. साहेब खुलतात, आपलं पटिंग आज बरं चाललंय असं त्यांना वाटू लागतं. आणि मग मोक्याच्या होलवर, दोन फुटांवर, सगळे अचानक झाडांवरचे पक्षी बघू लागतात. कुणी काही बोलत नाही. साहेब चेंडू पुसतात, खूण ठेवतात, उचलतात, परत ठेवतात, वाट पाहतात. शेवटी 1969 काढतात. रॉयल बर्कडेलला रायडर कपच्या शेवटच्या होलवर जॅक निक्लॉसने टोनी जॅकलिनचा दोनेक फुटांचा पट असाच दिला होता आणि सगळा सामना बरोबरीत सुटला होता. ‘‘याला म्हणतात खिलाडूवृत्ती!’’ चौकडीतले एक निवृत्त न्यायाधीश शांतपणे म्हणतात, ‘‘निक्लॉसचा कॅप्टन स्नीड त्यावर चिडला होता, साहेब. मारा.’’

साहेबांना अर्ध्या दिवसाची कीर्तीही लाभली होती. 7 ऑगस्ट 2021. टोकिओ ऑलिंपिकमध्ये आपली गोल्फर अदिती अशोक पदकाच्या दारात उभी होती. तिचा ड्राइव्ह सोबतच्या मुलींच्या मागे पडायचा आणि ती ते अंतर चिप आणि पटिंगने भरून काढत होती. साहेबांच्या आयुष्यभराच्या प्रतिपादनाला यापेक्षा मोठा पुरावा कोणता? ज्यांनी कधी त्यांचं ऐकून घेतलं नव्हतं ते सगळे त्या सकाळी त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीपुढे बसले होते, आणि साहेब उभे राहून ग्रीनचा उतार समजावत होते. शेवटच्या ग्रीनवरचा तिचा बर्डीचा पट पडला नाही, एका फटक्याने ब्राँझ हुकलं, चौथी आली. हॉल हळहळला. ‘‘हा जायला हवा होता,’’ असं त्या दिवशी सगळी सोसायटी म्हणाली. आता खाली बागेत पटिंगचा हिरवा चौकोन करू, असा ठरावही तोंडी झाला. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने भाला फेकून सोनं आणलं. दुसऱ्या दिवशी बागेत पोरं झाडूचे दांडे फेकत होती.

न्यू जर्सीच्या मुलाने मध्यंतरी मार्क ब्रोडींचं पुस्तक पाठवलं. कोलंबिया विद्यापीठाचे हे प्राध्यापक, त्यांनी व्यावसायिकांच्या फटक्यांचा अफाट हिशेब मांडला. आठ फुटांवरून जगातले उत्तम खेळाडूही निम्मेच पट घालतात, हे वाचून साहेबांनी ते पान वहिनींना, मला आणि न्यायाधीशांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्याच पुस्तकात असंही आहे, की चांगल्या आणि साध्या खेळाडूतला साधारण दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांच्या बाहेरच्या फटक्यांनी पडतो. त्या पानापाशी त्यांनी खूण घातली आणि पुस्तक कपाटात ठेवलं. खूण अजून तिथेच आहे. माझ्या मते त्यांचं बरोबरच आहे. ड्राइव्ह सुधारायला सत्तराव्या वर्षी नवी कंबर लागते. पट सुधारायला फक्त पुढचा रविवार लागतो.

आता नवीनच प्रकरण निघालं आहे. मागे एका पावसाळी रविवारी साहेबांनी तीन होलवर तीन-तीन पट घेतले आणि संतापून हातातला पटर कॅडीला देऊन टाकला. ‘‘घे, तुला. मला तोंड दाखवू नको याचं.’’ कोर्स बंद असतो त्या दिवशी कॅडी खेळतात. कॅडींच्या स्पर्धेत त्याने त्याच पटरने बक्षीस आणलं. साहेबांच्या कानावर गेलं तेव्हापासून त्यांना झोप नाही. तो पटर मुळात चांगलाच होता, आपणच घाई केली, असं ते न्यायाधीशांना ऐकू जाईल असं बोलू लागले. गेल्या रविवारी त्यांनी पार्किंगमध्ये कॅडीला गाठलं आणि स्टँडमधला कोराकरकरीत पटर पुढे केला. अदलाबदल. वर पाचशे रुपये.

कॅडीने तो नवा पटर हातात घेऊन तोलून पाहिला, दोनदा हवेत हलवला आणि परत दिला.

‘‘नको साहेब, जुना हाताला बसलाय आता. असं करा, रविवारी तुमी वापरा. सोमवारी मला लागतो.’’

साहेबांनी पाचशेची नोट पुढे केली. भाडं आगाऊ.